तिसरी प्लेट

जो शहरात जाईल त्याच्या एप्रनची फडकी करायची, असा निळे मास्तरांच्या कारखान्यात नियम होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण एकदाही मोडला नव्हता. कारागीर निरोप घ्यायला आला की मास्तर खुंटीवरचा त्याचा एप्रन काढत, मोठ्या कात्रीनं त्याचे आठ चौकोन करत आणि तेलाच्या डब्याशेजारी रचून ठेवत. “आता तरी उपयोगी पडेल,” एवढंच म्हणत. असे पाच एप्रन झाले होते. पाचही जण शहरात चांगले नांदत आहेत अशी बातमी होती. मास्तरांच्या मते ती अफवा होती.

निळे हे त्यांचं आडनाव नव्हे, बोटांचा रंग. धंदा लोखंड सपाट करण्याचा. ऐकायला हे काम बिनडोक वाटतं, आणि करायला घेतल्यावर पहिली दोन वर्षं तसंच वाटत राहतं. यंत्रावर कापलेलं लोखंड सपाट दिसतं, असतं असं नाही. खरं सपाट हातानंच करावं लागतं. आधीच सपाट असलेली एक जाड लोखंडी प्लेट घ्यायची, तिच्यावर निळ्या रंगाचा पातळ हात फिरवायचा, नवा तुकडा तिच्यावर पालथा घालून घासायचा आणि उचलून बघायचा. जिथं उंचवटा तिथं निळा डाग. तो डाग धारदार पात्यानं खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा घासणं, पुन्हा खरवडणं. असं शंभर-दोनशे वेळा केलं की अंगभर गोवर उठावा तसे बारीक, सारखे, दाट निळे ठिपके उठतात. मग ते लोखंड सपाट झालं असं म्हणायचं आणि हात धुवायला जायचं. रंग निघत नाही.

“मग पहिली सपाट प्लेट आली कुठून?” असं एखादं चौकस गिऱ्हाईक विचारी. मास्तरांना हा प्रश्न फार आवडे. “एक येतच नाही. तीन एकदम येतात,” ते सांगत. पहिली दुसरीवर घासायची, दुसरी तिसरीवर, तिसरी पहिलीवर. तिघींचं तिघींशी जुळलं की तिघी सपाट. तशा तीन प्लेटा मास्तरांनी तरुणपणी मेहुण्याच्या जोडीनं केल्या होत्या, अकरा महिने खपून. त्यानंतर आठ वर्षं दोघं एका बाकावर काम करत होते आणि दिवसातून दोनदा भांडत होते. एकोणीस वर्षांपूर्वी मेहुणा शहरात गेला. वाटणीत काय हवं असं विचारल्यावर तिसरी प्लेट म्हणाला. मास्तरांनी रागाच्या भरात ती दिली, आणि रागाच्या भरात दिलेली वस्तू चोरीला गेली असंच पुढं सांगत राहिले. मेहुणा जाताना एप्रनही अंगातच घालून गेला. फडक्यांचा नियम त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनचा.

शहर माणसं का ओढतं, याबद्दल मास्तरांच्या वस्तीत मतांना तोटा नव्हता. न्हावी म्हणे, पगार. शाळेतल्या बाई म्हणत, वाचनालयं आणि वरचं शिक्षण. डॉक्टर म्हणत, तिथं कुणी कुणाला ओळखत नाही, आणि हे सांगताना उसासा टाकत. मास्तरांचं मत सगळ्यांत नेटकं होतं: “ज्याला एकट्याला सपाट करता येत नाही, तो घोळक्यात जातो.” हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की ते त्यांना खरं वाटू लागलं होतं.

आता कारखान्यात उरले होते दोघंच: मास्तर आणि त्यांची लेक. ती डावखुरी, म्हणून तिला सगळे डावरी म्हणत. तेवीस वर्षांची. खरवडण्याच्या रेघा माणसाच्या अक्षरासारख्या असतात. हिच्या रेघा उलट्या बाजूला कलत आणि एकसारख्या पडत. पाच गेलेल्यांत कुणाचा असा हात नव्हता. हे मास्तरांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं तर ती जाईल अशी त्यांना भीती होती. न सांगताही ती जायला निघालीच.

शहरात मोजमापाची यंत्रं बनवणारा एक कारखाना होता. तिथं दोन वर्षं शिकवून मग कामावर घेत. अट एकच: हातभर लांबीची एक सरळ पट्टी, स्वतःच्या हातानं खरवडलेली, बरोबर आणायची. डावरीनं अर्ज केला आणि मग घरी सांगितलं. मास्तर नाही म्हणणार होते, पण दारात बायको उभी होती, आणि ती दारात उभी असताना नाही म्हणायची घरात पद्धत नव्हती.

“जा,” मास्तर म्हणाले. “अशी पट्टी ने की बघून त्यांच्या माना खाली गेल्या पाहिजेत. ते घेतो म्हणतील. तेव्हा नको म्हण आणि परत ये.”

“एवढ्या लांब नको म्हणायला जाऊ?”

“त्याशिवाय त्यांना कळत नाही.”

डावरीनं तीन आठवडे खपून पट्टी केली, मास्तरांच्या प्लेटीवर. शेवटच्या दिवशी मास्तरांनी भिंग लावून पाहिली. गोवर भरगच्च होता. काही चूक सापडेना म्हणून ते दिवसभर घुश्शातच राहिले.

चौथ्या दिवशी ती परत आली, पट्टीसकट. सोबत एक चिठ्ठी होती: *मध्यभागी फुगीर, दोन शतांश मिलिमीटर. पंधरा दिवसांत दुसरी आणल्यास विचार होईल.* दोन शतांश मिलिमीटर म्हणजे केसाच्या जाडीचा तिसरा हिस्सा. इतर कुठल्याही घरात यावर जेवण थांबलं नसतं.

“अहो, बरंच झालं की,” बायको म्हणाली. “पोरगी जाऊ नये म्हणून जीव टाकत होता ना? नाही जात. साखर वाटा.”

“ती नापास झाली असती तर वाटलीही असती. पण पट्टी माझ्या प्लेटीवर झालीय.”

“म्हणजे दुःख लेकीचं नाही, प्लेटीचं.”

“शहरातल्या लोकांना मोजता येत नाही, याचं दुःख आहे.”

“नाचता येईना अंगण वाकडं,” बायको म्हणाली आणि आत गेली. लेकीला बोलली की मास्तरांना, हे तिनं स्पष्ट केलं नाही.

डावरी पट्टी हातात घेऊन बसून होती. खालच्या आवाजात म्हणाली, “बाबा, आपल्या दोन प्लेटा आपण फक्त एकमेकींवरच तपासतो ना?”

“मग काय शेजारणीवर तपासू?”

“दोनच असल्या तर एक खोलगट आणि एक फुगीर असूनही जुळतात. वाटीवर वाटी बसते तशा. तुम्हीच शिकवलंत.”

“ते शिकाऊ लोकांसाठी असतं,” मास्तर म्हणाले. आपल्या तोंडून नक्की काय निघालं हे त्यांना लगेच कळलं. त्यामुळे त्यांचा आवाज वाढला. “माझा हात आहे तो! चाळीस वर्षांचा! त्याला तिसरी लागत नाही!”

पुढचे दहा दिवस मास्तरांनी दोन प्लेटा एकमेकींवर घासल्या. दर वेळी गोवर उठला, दाट आणि एकसारखा. दर वेळी त्यांनी बायकोला बोलावून दाखवला.

“जुळतंय की,” ती म्हणायची. “आपलंही जुळतंच. म्हणून आपण दोघं सरळ आहोत असं मी कुठं सांगत फिरत नाही.”

अकराव्या दिवशी मास्तरांनी त्यांतली रोजच्या वापराची प्लेट चादरीत गुंडाळली. चाळीस किलोचं ते गाठोडं बाप-लेकीनं दोन बाजूंनी धरलं आणि बसमध्ये चढवलं. शेजारच्या माणसानं विचारलं, आत काय आहे?

“पुरावा,” मास्तर म्हणाले. माणूस दुसऱ्या जागेवर जाऊन बसला.

शहरानं मास्तरांचं मत बदलण्यासाठी काहीही केलं नाही. उतरल्यापासून कारखान्याच्या गल्लीपर्यंत त्यांना तीन धक्के बसले आणि एकाही धक्क्यानं माफी मागितली नाही. गल्ली अरुंद. दोन्ही बाजूंना पत्र्याची छोटी वर्कशॉपं, वर भाड्याच्या खोल्या. एका खोलीच्या दाराशी चपलांचे नऊ जोड. दमले म्हणून त्यांनी तिथंच गाठोडं टेकवलं. खिडकीतून आतलं दिसत होतं: पाच खाटा, भिंतीला टेकवलेली पुस्तकं, आणि एका खाटेवर पसरलेल्या ड्रॉइंगभोवती विद्यार्थ्यांचा घोळका.

“गाढवा, हा कोन बघ. दार उघडणारच नाही तुझं.”

“उघडतं.”

“तुझ्या घरचं उघडत असेल. इथं भिंत आहे.”

गाढवानं मान खाली घालून कोन खोडला. कुणाला त्याचं काही वाटलं नाही, गाढवालाही नाही.

“ही यांची रीतभात,” मास्तर म्हणाले. डावरी खोडलेल्या कोनाकडे बघत होती.

कारखान्यात पट्ट्या तपासणारी बाई चाळिशीची, जाड भिंगांच्या चष्म्याची. मास्तरांनी मनात तिचं नाव चष्मेवाली ठेवलं, आणि नमस्कार न करता चादर सोडली.

“तुम्ही हिची पट्टी फुगीर म्हटलीत. ही घ्या प्लेट. बसवून दाखवते ती.”

डावरीनं पट्टी मास्तरांच्या प्लेटीवर ठेवली. केस जाणार नाही अशी बसली. चष्मेवालीनं ती उचलून आपल्या काळ्या दगडी प्लेटीवर ठेवली आणि एका टोकाला बोटानं हलकेच ढकललं. सरळ पट्टी अशी ढकलली तर जड चालते, फरफटते. ही मधोमध टेकून भिंगरीसारखी फिरली.

“तुमचा दगड वाकडा आहे,” मास्तर म्हणाले.

“असू शकतो,” ती म्हणाली. “म्हणून तीन ठेवलेत.” तिनं पट्टी दुसऱ्या दगडावर ठेवली, तिसऱ्यावर ठेवली. दोन्हीकडे भिंगरी.

“तिन्ही तुमचेच. चोराचे साक्षीदार चोरच.”

चष्मेवालीला राग आला नसावा. तिनं घड्याळ पाहिलं. “मग तुमचा विश्वास कुणाच्या प्लेटीवर आहे?”

या शहरात मास्तरांचा विश्वास असलेली एकच प्लेट होती, आणि तिचा पत्ता त्यांना एकोणीस वर्षं पाठ होता. कारखान्यापासून चौथं दार.

मेहुण्याचं वर्कशॉप बोगद्यासारखं लांबट. तो बाकाशी उभा होता, केस पिकलेले, अंगात एप्रन. तोच असेल असं नाही, पण मास्तरांना तोच वाटला.

“या दाजी. एकोणीस वर्षांनी वाट सापडली?”

“वाट बिट काही नाही. माझी वस्तू जागेवर आहे का बघायला आलो.”

“वाटणी होती ती.”

“हो ना. तुझ्या वाटणीला प्लेट आली आणि माझ्या वाटणीला तुझी बहीण. जड काय होतं ते मला विचार.”

“मामा, बाबा असं घरी आईसमोर बोलत नाहीत,” डावरी म्हणाली.

“ठाऊक आहे,” मेहुणा म्हणाला. “तिच्यासमोर मीही कधी बोललो नाही. म्हणून तर एवढ्या लांब आलो.”

मेहुण्यानं बाकावरचं जाड कापड काढलं. खाली तिसरी होती. कडेला मास्तरांनी तरुणपणी ठोकलेली खूण अजून स्पष्ट. मास्तरांनी तिच्यावरून हात फिरवला, लगेच काढून घेतला, आणि रंगाचा डबा मागितला. रंग त्यांनी स्वतः लावला; दुसऱ्या कुणाला ते इथं हात लावू देणार नव्हते. मग तिघांनी मिळून त्यांची प्लेट पालथी घातली, पुढं-मागं चार वेळा सरकवली आणि उचलून उताणी ठेवली.

चारही कडांना निळा गच्च लागला होता. मधला भाग कोरा. वीतभर जागेत एक ठिपका नाही.

ज्या प्लेटीवर मास्तरांनी एकोणीस वर्षं सगळं जग मोजलं, ती एक अतिशय उथळ, अतिशय सुबक परात होती. घरची दुसरी अर्थातच तिचं नेमकं झाकण असणार. रोजच्या वापरानं एक मधोमध झिजत गेली, मास्तर दुसरीला तिच्याशी जुळवत गेले. दरवर्षी थोडं थोडं. दर खेपेला बिनचूक. बायको घरी जे म्हणाली होती त्यात एवढीच दुरुस्ती करायला हवी होती की या खेपेला अंगण खरंच वाकडं होतं आणि नाचणारी चांगली होती.

मास्तरांनी मधल्या कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवून पाहिला.

“तुझी वाकडी झालीय,” मास्तर शेवटी म्हणाले. आवाजात नेहमीचा दम नव्हता.

“असेल. चला, समोर एक आहे, पलीकडं दोन आहेत, कारखान्यात दगडी तीन. आम्ही दर सहा महिन्यांनी सगळ्या एकमेकींवर तपासतो. माझी दोनदा वाकडी निघाली. दुसऱ्या खेपेला समोरचा इतका हसला की त्याची बायको बघायला आली.”

“तू माझ्या निम्मासुद्धा कारागीर नाहीस.”

“नाहीच,” मेहुणा म्हणाला. “हात तुमचाच. माझ्याहून दुप्पट. पण मला तोंडावर वाकडा म्हणणारी सात माणसं या गल्लीत आहेत. त्यांतली तीन तर तुमच्याकडूनच आलेली. तुम्हाला असा माणूस एकच होता, त्याला तुम्ही घालवलात.”

“मी घालवलं? तू गेलास!”

“तुम्ही माझी चूक काढायचात, मी कान धरायचो. मी तुमची काढली की तुम्ही चार दिवस जेवायचा नाहीत. किती दिवस उपाशी ठेवणार होतो तुम्हाला? बहीण शिव्या घालायची मला.”

मास्तर एका उपड्या पेटीवर बसले. एकोणीस वर्षांत कारखान्याबाहेर गेलेल्या प्रत्येक कामाच्या पोटात केसाचा तिसरा हिस्सा आहे, हा हिशेब ते मनात करू लागले आणि पाचव्या कामाशी थांबले. गिऱ्हाइकांनी कधी तक्रार केली नव्हती. वस्तीत तपासायला दुसरं कुणी नव्हतंच.

मुदतीचे चार दिवस उरले होते. डावरीनं कुणाला विचारलं नाही. तिसरीवर रंग लावला, आपली पट्टी घासली आणि मधल्या निळ्या पट्ट्यावर पातं चालवू लागली.

“मनगट सैल सोड,” मास्तर पेटीवरून म्हणाले.

“बाबा, ते उजव्या हाताचं झालं. माझं बरोबर आहे.”

“कोपर तरी खाली घे.”

“कोपर खाली घे गं,” मेहुणाही म्हणाला. “हे त्यांचं बरोबर आहे.”

तिनं कोपर खाली घेतलं. मास्तरांनी मेहुण्याकडे असं पाहिलं की जणू त्यानं शिवी दिली. मग उठून दुसरं पातं घेतलं, ते बोथट असल्याबद्दल मेहुण्याला सुनावलं, आणि आपल्या प्लेटीच्या कडा खरवडायला बसले. तीन दिवस ते तिथं होते. जाता-येता कुणी तरी डोकावे आणि न विचारता सांगे, या कोपऱ्यात राहिलंय. त्यात दोघं जण असे होते की ज्यांच्या एप्रननं मास्तरांनी तेल पुसलं होतं. मास्तरांनी त्यांना ओळख दाखवली नाही. कोपरा मात्र पुन्हा पाहिला. राहिलं होतं.

चौथ्या दिवशी चष्मेवालीनं पट्टीला बोट लावलं. पट्टी जड चालली. तिनं दुसऱ्या टोकाला ढकललं, मग दुसऱ्या दगडावर, मग तिसऱ्या. “सोमवारपासून या,” ती डावरीला म्हणाली.

मास्तर वाट बघत राहिले. बाहेर आल्यावर न राहवून म्हणाले, “सांगितलं नाहीस तू.”

“काय?”

“ठरलं होतं ना. घेतो म्हणाले की नको म्हणायचं.”

“ते तुमचं ठरलं होतं, बाबा.”

मास्तर त्या दिवशीच्या बसनं परतले. गाठोडं चढवायला मेहुणा आला होता. पायरीशी तो म्हणाला, “दाजी, डावीकडं झुकतंय,” आणि मास्तर म्हणाले, “तूच सोडतोयस.”

घरी पोचल्यावर त्यांनी आधी खुंटीवरचा लेकीचा एप्रन काढला. आठ चौकोन केले, नेहमीपेक्षा जरा वाकडे, आणि डब्याशेजारी ठेवले. “आता तरी,” असं त्यांनी सुरू केलं, पण वाक्य पुरं केलं नाही. बायको बघत होती. तिनंही ते पुरं केलं नाही.

मग त्यांनी शहरातून आणलेली प्लेट घरच्या प्लेटीवर घासली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच दोघींचं जुळलं नाही. मधोमध एक निळा बिंदू, बाकी कोरं. दोघींची अशी उघड फारकत मास्तरांना सहन होईना. सपाट झालेलीवर फुगीर घासून त्यांनी महिनाभर खरवडलं. गोवर उठला, दाट आणि एकसारखा. ते त्याच्याकडे बघत उभे राहिले. ओरडून बायकोला बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चादर काढली.

“दुसरी पण नेतोय,” ते भिंतीला उद्देशून म्हणाले. “तिथं एकदा टेकवून बघावी. चार दिवसांत परत.”

मास्तर एप्रन घ्यायला खुंटीकडे वळले. खुंटी रिकामी. तेलाच्या डब्याशेजारी आठ नवे चौकोन रचून ठेवले होते. कडा अगदी सरळ. बायकोचा हात कात्रीला पहिल्यापासून चांगला.

“अगं, माझा एप्रन होता तो!”

“नियम आहे.”

“मी चार दिवसांनी परत येणार आहे!”

“पाचही जण असंच सांगून गेले होते,” ती म्हणाली. “आता तरी उपयोगी पडेल.”

मास्तरांनी वरचे दोन चौकोन उचलून प्लेटीच्या तोंडावर अंथरले, त्यावर चादर घातली, दोरी आवळून बांधली. गाठ ओढून पाहिली. पक्की होती. क्षणभर थांबून, मान दुसरीकडे करून, त्यांनी दोरीचं टोक बायकोपुढं धरलं.

तिनं ओढून बघितलं.

“सैल आहे,” ती म्हणाली.